मुक्या जिवाला खांदा

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं की शहर सरता सरता जुनापाणीचा माळ येतो. माळावर मोठाले धोंडे गोल मांडून ठेवलेले दिसतात. एक गोल, त्याच्या पलीकडे दुसरा, मग तिसरा. परिसरातले सगळे मोजले तर तीनशेच्या आसपास भरतात. नवख्याला वाटावं, कुणी तरी खळ्यासाठी जागा आखून ठेवली आहे. पण ही खळी नाहीत, कबरी आहेत. अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी या भागात लोखंड गाळणारी आणि घोडे पाळणारी माणसं राहत होती. त्यांनी आपली मेलेली माणसं या गोलांच्या आत पुरली. काही ठिकाणी माणसाच्या सोबत घोडाही पुरला.

जुनापाणीपासून जवळच माहुरझरी आहे. १९७० ते १९७२ या काळात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली वर्तुळं उकरली, तेव्हा घोड्यांचे सांगाडे मिळाले. लोखंडी लगाम होते. घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पातळ पत्र्याचे दागिने होते. नायकुंडला, खैरवाड्यालाही अशाच खुणा सापडल्या. तो पत्रा पाहिला की हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे जातो. कुणी तरी बसून तो ठोकून ठोकून पातळ केला होता, आणि घोड्याच्या कपाळावर नीट बसावा म्हणून त्याला बाक दिला होता.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. माहुरझरीच्या घोड्यांच्या हाडांवर धारदार हत्याराचे घाव आहेत. घोडा आपल्या मौतीने मेला आणि धन्याने त्याला शृंगारून पुरला, अशी ही गोष्ट नाही. धनी मेला, म्हणून घोडा मारला. त्याला सजवलं ते धन्याच्या पुढच्या प्रवासासाठी. तरीही ही माणसं घोड्याला भांड्यांच्या आणि हत्यारांच्या रांगेत बसवत नव्हती, असं मानायला जागा आहे. मरणापलीकडे सोबत न्यावा असा तो एकच जीव होता. नागपूरच्या मातीत माणूस आणि जनावर यांच्या ताटातुटीची जी सर्वांत जुनी नोंद आहे, ती अशी अर्धी प्रेमाची आणि अर्धी कुऱ्हाडीची.

या कबरींनी पुढे एका माणसाला कायमचं ओढून नेलं. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे ते स्टीफन हिस्लॉप दगडधोंड्यांचे आणि जुन्या वस्तूंचे मोठे अभ्यासक होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहायला गेले होते. परतताना अंधार पडला, बोरीजवळच्या ओढ्याला पाणी चढलं होतं, आणि घोड्यावरून एकटे येणारे हिस्लॉप त्यात बुडाले.

मराठीत माणूस जातो आणि जनावर मरतं. गाय मेली, म्हैस मेली, ढोर मेलं. ही क्रियापदाची शिस्त सहसा मोडत नाही. पण विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरी विचारलं तर तो सांगतो, ‘ढवळ्या गेला’. शेजारच्याचा बैल मेलेला असतो, आपला गेलेला असतो. कुत्र्याचंही तेच. ‘आमचा मोती गेला’ हे वाक्य बोलताना कुणाचीही जीभ अडखळत नाही. व्याकरणाने नाही म्हटलं तरी भाषेने या दुःखाला घरात घेतलं आहे.

विधींनी मात्र घेतलं नाही. श्राद्धाच्या दिवशी पंचबलीतला एक वाटा कुत्र्यासाठी काढून ठेवतात. गाईचा आणि कावळ्याचाही असतोच. म्हणजे माणसाच्या मरणोत्तर सोयीत कुत्र्याला जागा आहे. खुद्द कुत्रा गेला की मात्र सुतक नाही, दहावं नाही, तेरवी नाही. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. पण तिथेही शेवटी तो कुत्रा म्हणजे धर्म निघतो. कुत्रा कुत्राच राहिला असता तर पुढे काय झालं असतं, हे कथा सांगत नाही.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला मात्र एक दगड उभारला गेला होता, आणि तो कुत्र्याचाच होता. काळ राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा, साल ९४९-५०. मणलर नावाच्या वीराला गंग राजा बुतुग याने काळी नावाचा शिकारी कुत्रा बक्षीस दिला. काळी रानडुकरावर तुटून पडला, झुंजीत दोघेही मेले. धन्याने देवळाजवळ वीरगळ उभा केला. त्यावर झुंजणारा कुत्रा आणि रानडुक्कर कोरले, आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. आज तो दगड बंगळुरूच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आपल्याकडे गावोगावी जे वीरगळ दिसतात ते गाई सोडवताना पडलेल्या माणसांचे. आतकूरला जनावर स्वतःच वीर ठरलं.

नागपूरकर भोसल्यांच्या काळाकडे वळलं की पुन्हा घोडा येतो. मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारचा मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराचा घोडा पडला तर तोटा सरकारचा. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचा सोबती गेला, पगार गेला आणि पत गेली, तीही एकाच दिवशी. शिलेदार घोड्याच्या जिवाला फार जपतात, त्याला धोक्यात घालायला तयार होत नाहीत, अशी तक्रार त्या काळच्या इंग्रज निरीक्षकांनी लिहून ठेवली आहे. त्यांनी ती लष्करी उणीव म्हणून लिहिली. तोबऱ्यात चंदी घालून, मान थोपटून घोडा वाढवणाऱ्या माणसाच्या बाजूने ती वाचली तर तिचा अर्थ वेगळा लागतो.

पण विदर्भाचं खरं जनावर घोडा नाही, बैल आहे. वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात गवळाऊ जातीचे पांढरे, चपळ बैल पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले. मराठ्यांच्या फौजांचं सामान ओढायला त्यांचा उपयोग झाला असं सांगतात. या बैलाशी असलेलं नातं बघायचं तर पोळ्याच्या आदल्या दिवशी बघावं.

त्या दिवशी खांदमळणी असते. संध्याकाळी बैल नदीवर किंवा विहिरीवर धुवून आणतात. मग घरधनी वाटीत हळद आणि लोणी किंवा तूप कालवतो. बैलाच्या मानेमागे, जिथे वर्षभर जू घासलेलं असतं, तिथली कातडी जाड, कोरडी, राकट झालेली असते. धनी त्या जागेवर हात ठेवतो आणि हळूहळू चोळत राहतो. पळसाची पानं गरम करून शेकही देतात. बैल मान थोडी खाली घालतो, डोळे अर्धे मिटतो. एरवी ‘हो हो’ करून ओरडणारा माणूस त्या वेळी फारसं बोलत नाही. त्यानंतर बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं जातं, एखाद्या पाहुण्याला द्यावं तसं.

दुसऱ्या दिवशी बैलाला जू नाही, टोचायची तुतारी नाही. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. गावाच्या मोकळ्या जागेत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, त्याखाली सगळ्या जोड्या उभ्या राहतात. झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटतं आणि ‘पोळा फुटला’ अशी हाक उठते. मग बैल दारोदार जातात. बाया त्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, पुरणपोळी भरवतात आणि आणणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवतात.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर १९१६ साली चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात कुणब्यांच्या पोळ्याचं वर्णन आहे. मिरवणुकीत सर्वांत पुढे एक म्हातारा बैल चालतो. त्याच्या शिंगांवर मखर बांधलेलं असतं, म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर खोचलेल्या मशाली. हा मखराचा बैल तोरण तोडून गावाकडे धावतो आणि बाकीची गुरं त्याच्या मागे सुटतात. पुढे एक वाक्य येतं आणि वाचणारा थांबतो: मखराचा बैल तीन वर्षांच्या आत मरतो, अशी समजूत होती.

हे कळून गाव म्हाताऱ्या बैलाला पुढे करत असे. जो आता फार काळ राहणार नाही त्याला सगळ्यांच्या देखत सगळ्यांच्या आधी चालवायचं, त्याच्या डोक्यावर उजेड ठेवायचा. बैल गेल्यावर रडायला कोणताही विधी नव्हता. निरोपाची जागा त्याच्या जिवंतपणीच, सणाच्या आत, करून ठेवलेली होती. रसेलने हा अर्थ काढलेला नाही. पण पोळ्याच्या मिरवणुकीत थकलेल्या बैलाच्या बाजूने चालणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला तो पटायला जड जाऊ नये.

जोडीतला एक बैल गेला की घरात दोन संकटं एकदम येतात. गोठ्यातला एक खुंटा रिकामा होतो, आणि उरलेल्या बैलाला जोड मिळत नाही. वर्षानुवर्षं डाव्या अंगाला चालणारा बैल उजवीकडे नवा सोबती आला की मान फिरवून हुंगतो, अडतो, जू झटकतो. नवी जोड जुळायला पूर्ण हंगाम जातो. बुळकांडीच्या साथीत गोठेच्या गोठे रिकामे होत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात माणसांबरोबर गुरंही चाऱ्यावाचून मेली. जगातून बुळकांडीचं उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. पण २०२२ मध्ये लंपी आला, राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले, आणि अंगावर गाठी उठलेल्या गाईजवळ रात्रभर कंदील घेऊन बसण्याची वेळ नव्या पिढीवरही आली. ज्याच्या दारी बैल नाही तो पोळ्याला मातीचे बैल पुजतो. ज्याच्या दारी परवापर्यंत होता त्याच्या देव्हाऱ्यासमोरची मातीची जोडी वेगळी दिसते. ती करताना कुणी एका बैलाचं शिंग मुद्दाम वाकडं वळवतं, कारण गेलेल्याचं तसं होतं.

नागपूरने या सणाला स्वतःची एक जोड दिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो, लहान मुलांचा. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत आणतात, त्यांनाही तोरण असतं, त्यांनाही बोजारा मिळतो. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली असं नागपूरची परंपरा सांगते. त्याच्या तीनच वर्षं आधी, डिसेंबर १८०३ मध्ये, देवगावच्या तहात याच राजाच्या हातून कटक आणि वऱ्हाड गेला होता. राज्याचा मोठा तुकडा गमावलेला राजा पोरांच्या हातात लाकडी बैल देतो, हे चित्र मनात राहतं. त्याच दिवशी शहरात मारबती नावाचे पुतळे मिरवत निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. रोगराई, इडापिडा घेऊन जा, असं लोक तिला ओरडून सांगतात. खेड्यात या रोगराईत माणसाची आणि गोठ्यातली अशी वेगळी वाटणी नव्हती.

इथपर्यंतची कहाणी बैलावर माया करणाऱ्यांची झाली. ती इथेच थांबवली तर निम्मी खोटी ठरेल. बैल गेला की घरधनी ओट्यावर डोकं धरून बसे, घरातल्या बाया पदर डोळ्याला लावत. पण ते शव उचलत कोण होतं?

उचलणारे गावकुसाबाहेरचे होते. मेलेलं ढोर ओढून नेणं हे महारांचं बलुत्याचं काम ठरवलेलं होतं. कातडं, शिंगं, हाडं हा त्या कामाचा मोबदला, आणि उपासमारीत मांसही. ज्या बैलाला काल पुरणपोळी भरवली त्याला आज दोर बांधून माळावर फरफटत नेणारा माणूस पोळ्याच्या तोरणाजवळ उभाही राहू शकत नव्हता. शोक एका वस्तीत, ओझं दुसऱ्या वस्तीत. बैलाचा खांदा मळणारा हात उंबऱ्याच्या आतला; त्या बैलाला अखेरचा खांदा देणारा माणूस शिवायचा नाही असा.

ही वाटणी मोडली ती माणसांनी, आणि त्यासाठी मोठी किंमत मोजून. १९२७ च्या महाड परिषदेत मृत गुरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडण्याची हाक दिली गेली. गावोगावी लोकांनी ती पाळली, बहिष्कार सोसले, मार खाल्ला. आणि या प्रश्नाचं सर्वांत धारदार उत्तर नागपुरातच ऐकायला मिळालं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धर्मांतर झालं. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केलं त्यात नागपूर का निवडलं याचं उत्तर होतं, आणि मेलेल्या गुरांचा विषयही होता. हे काम सोडल्याने महारांचं वर्षाला पाचशे रुपयांचं नुकसान होतं, असा हिशेब कुणी तरी छापला होता. बाबासाहेबांनी तो सभेला सांगितला आणि उलट विचारलं, एवढा फायदा असेल तर ते काम तुम्हीच का करत नाही? वरून पाचशे रुपये मी देतो. दुसरा मुद्दा त्याहून खोल होता. म्हैस जिवंत असताना दूध तुमच्या घरात आणि मेल्यावर ओढायला आम्ही. आपल्या आईला तुम्ही स्वतः स्मशानात नेता, मग म्हशीला का नेत नाही?

प्राण्यावरच्या प्रेमाबद्दल मराठीत इतका नेमका प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल. तो अर्थातच माणसांच्या प्रतिष्ठेसाठी विचारला होता. पण त्याने जनावरावर माया सांगणाऱ्यालाही जागेवर उभं केलं: माया आहे ना, मग उचल. विदर्भात आज अनेक शेतकरी आपला बैल आपल्याच वावरात पुरतात. त्याला गुलाल-कुंकू लावतात, अंगावर नवं कापड घालतात, खड्ड्यात मीठ टाकतात. कुणी तेराव्या दिवशी गावाला जेवण घालतं, कुणी चौकात फलक लावतं, आणि वर्तमानपत्रं अशा तेरवीची बातमी कौतुकाने छापतात. त्या बातम्या वाचून हसणाऱ्यांनी मागचा इतिहास आठवावा. स्वतःच्या हाताने खड्डा खणणं ही या समाजात बरीच उशिरा आलेली गोष्ट आहे.

म्हाताऱ्या, आजारी जनावराचं काय करायचं, हा त्याला लागून येणारा प्रश्न. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. उपाय संपले होते. गांधीजींनी डॉक्टरला बोलावून इंजेक्शन देवविलं आणि त्या वेळी स्वतः तिथे उभे राहिले. मग ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं आणि संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. अहिंसा सांगणाऱ्याने वासरू मारलं! गांधीजी आपल्या म्हणण्यावरून हलले नाहीत. त्या जिवाच्या वेदना थांबवण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता, एवढीच त्यांची बाजू होती. पुढे १९३६ मध्ये ते नागपूरजवळच्या सेवाग्रामला राहायला आले. १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी अखेरचे महिने त्या कामाला दिले. गोसेवेच्या या भूमीत साबरमतीच्या त्या वासराची आठवण फार कुणी काढत नाही, पण काढायला हवी.

कारण तोच प्रश्न आज नागपूरच्या फ्लॅटमध्ये रोज उभा राहतो. १९५८ मध्ये इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेव्हा दारात येणारा रोगी बहुधा बैल, गाय किंवा म्हैस असे. २००० मध्ये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आलं. दरम्यान शहर पसरलं, अंगणं गेली, आणि तपासणीच्या टेबलावर लॅब्रेडॉर, पग, पर्शियन मांजर दिसू लागले. चौदा वर्षांचा कुत्रा मूत्रपिंडं निकामी होऊन चार दिवस पाणीही पीत नाही. डॉक्टर हळू आवाजात सांगतात, आता सोडवलेलं बरं. ‘सोडवणं’ हा त्यांनी आणि घरच्यांनी मिळून निवडलेला शब्द. सही करणाऱ्याचा हात थरथरतो, आणि नंतर महिनोन्‌महिने तो स्वतःला विचारत राहतो: एक दिवस आधी आणलं असतं तर? एक दिवस थांबलो असतो तर?

या दुःखाची एक वेगळी अडचण आहे. ते सांगायला जागा नसते. ऑफिसात रजा मागताना ‘घरी मयत झाली’ म्हणता येत नाही. शेजारी म्हणतो, दुसरा आणा ना. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाला एक नाव दिलं. मराठीत त्याला हक्क नाकारलेला शोक म्हणता येईल. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही ते आतल्या आत अधिक काळ टिकतं, हे त्यांचं म्हणणं. खेड्यातल्या बैलवाल्याला निदान पोळा होता. कुत्र्याला तसा सण नाही.

सगळ्या गावाने कबूल केलेला कुत्र्याचा शोक महाराष्ट्राने पाहिला तो मुंबईत. बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर नावाच्या लॅब्रेडॉरने १९९३ च्या स्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढलं. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. फुलांनी झाकलेल्या त्या देहासमोर वाकलेल्या अधिकाऱ्याचं छायाचित्र अजून फिरतं.

दुसरं उदाहरण वाघ्याचं, आणि त्याचा एक धागा नागपूर जिल्ह्यात येतो. ‘राजसंन्यास’ हे नाटक अपुरं ठेवून राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणारा इमानी कुत्रा वाघ्या मराठी मनात रुजवण्यात गडकऱ्यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. रायगडावर १९३६ मध्ये होळकरांच्या देणगीच्या मदतीने वाघ्याचं स्मारक झालं. समकालीन पुरावा नाही, असा इतिहासकारांचा आक्षेप आहे आणि तो बिनतोड आहे. २०११ मध्ये पुतळा हटवला गेला, पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. पुराव्याचा प्रश्न पुराव्यानेच सुटावा. पण कागदात नसलेला कुत्रा लोकांनी इतकी वर्षं जपला, याचं कारण प्रत्येकाच्या घरी एक वाघ्या होऊन गेलेला असतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही माणसं असतात. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या भागाला स्थगिती दिली. चावे, अपघात, लहान मुलांची भीती हे सगळं खरं आहे. पण ज्याच्या गळ्यात पट्टा नव्हता असा कुत्रा गल्लीतून नाहीसा होतो, तेव्हा त्याच्यासाठी रोज पोळी ठेवणारी म्हातारी ती ताटली काही दिवस तशीच ठेवत राहते, हेही खरं आहे. तिचा शोक तर आणखीच बेवारशी.

उरतो जागेचा प्रश्न. लंडनच्या हाइड पार्कच्या कोपऱ्यात १८८१ मध्ये चेरी नावाचा छोटा कुत्रा पुरला गेला आणि त्याच्याभोवती शेकडो इवल्या कबरी जमल्या. पॅरिसजवळ आनिएरला १८९९ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी रीतसर दफनभूमी झाली. मुंबईत महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसदाहिनी सुरू केली ती २०२३ मध्ये. चौथ्या मजल्यावरच्या नागपूरकराला मात्र कुत्रा गेल्यावर पहिल्या तासाभरात आठवतं ते गाव. भावाला फोन जातो. काटोल, सावनेर, उमरेड, कुही. कुठे तरी कुणाचं तरी वावर असतंच.

जुन्या चादरीत गुंडाळलेला देह गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतात, जिथे तो एरवी खिडकीबाहेर तोंड काढून बसायचा. मुलगी त्याच्या डोक्याजवळ बसते. वावरात पोचल्यावर सालगडी फावडं घेऊन पुढे होतो, तर बाप म्हणतो, राहू दे, मी खणतो. ऑफिसात बसून मऊ झालेल्या हातांना पाचव्या मिनिटाला फोड येतात. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते, पावसाळ्यात फावड्याला चिकटते. जागा धुऱ्याजवळची निवडतात, नांगर लागणार नाही अशी. तिथेच दोन वर्षांपूर्वी भावाचा म्हातारा बैल पुरलेला असतो. खड्ड्यात आधी मीठ, मग चादर, मग त्याचा चेंडू. मुलगी पट्टा हातातून सोडत नाही, तेव्हा तो तिच्याकडेच राहतो. माती लोटून झाली की भाऊ धुऱ्यावरचे धोंडे उचलून आणतो, रात्री कोल्ह्याने उकरू नये म्हणून. आधी मधोमध ठेवतो, मग भोवतीने एकेक, गोल.